पिसोरीच्या जागेवर

आवळेखोलच्या बायका रानात पातेरा गोळा करायला निघाल्या की आधी शिवेवरच्या खांबाकडे बघत. खांबावर एक आकडा असे. सत्तरच्या वर असला तर टोपल्या उचलून सरळ चालू पडायचं. साठच्या आसपास असला तर पायांना करंजेल, म्हणजे करंजाचं तेल, चोपडून आणि पायजमे मोज्यांत खोचून जायचं. पन्नासच्या खाली उतरला की रान बंद. मग गोठ्यात अंथरायला पाला नसला तर गुरांनी ओल्यात बसायचं.

त्या आकड्याला विरळमान म्हणत. सह्याद्रीच्या पायथ्याला रानाला लागून जेवढी गावं उरली होती, त्या सगळ्यांच्या शिवेवर असे खांब होते. शाळेतल्या पोरांनाही विरळमान म्हणजे काय ते सांगता येई. पातेरा म्हणजे रानातला वाळलेला पाला. त्यात मोहरीच्या दाण्याएवढी गोचीड राहते. ती जन्मते तेव्हा निर्मळ असते. तिचं पहिलं जेवण उंदराच्या अंगावर झालं तर त्याच्या रक्तातून तिला पातेरातापाचा विषाणू मिळतो, आणि पुढच्या जेवणाला ती तो दुसऱ्याला देते. पण तीच गोचीड साळिंदराला, उदमांजराला, रानकोंबडीला किंवा सरड्याला चावली तर त्यांच्या अंगात विषाणू तगत नाही. तो चावा फुकट जातो. शास्त्रज्ञ त्याला वाया चावा म्हणत. रानात होणाऱ्या शंभर चाव्यांपैकी किती वाया गेले, ते म्हणजे विरळमान. रानात जनावरांच्या जाती जितक्या जास्त तितका ताप विरळ होतो, दुधात पाणी ओतल्यासारखा. जाती गेल्या की उंदीर उरतो, कारण उंदराला जगायला रान लागत नाही.

हे कळायला माणसांना उशीर झाला होता. मागच्या पिढीत रानाचे तुकडे पडले, जनावरं गेली, आणि ताप उंदरांबरोबर नदीकाठानं उतरून खालच्या बंदरशहरांत शिरला. तिथे इतकी माणसं मेली की लोक आपल्या वयाचा हिशेब तापाच्या आधी आणि तापानंतर असा करू लागले. मग लस निघाली. ती दर वर्षी घ्यावी लागे, एक वर्षाच्या आतल्या बाळांना चालत नसे, आणि जेमतेम रानकाठच्या गावांपुरती तयार होई. शहरांना वाचवायचं तर रानातच ताप विरळ ठेवणं भाग होतं. म्हणून सरकारनं रोग आणि रान या दोन्हींचा एकत्र अभ्यास करणारं केंद्र काढलं. पिंजऱ्यांत वाढवलेली साळिंदरं, उदमांजरं आणि पिसोऱ्या नावाची चिमुकली हरणं ट्रक भरभरून रानात सोडली जाऊ लागली. आकडा चढला. आवळेखोलचा तर बाहत्तरवर जाऊन बसला. देशोदेशीचे लोक तो बघायला येत.

विश्राम घाडी अंगणात बसून कोयत्यानं बांबू फोडत होता. घाडी म्हणजे गावाच्या वतीनं देवीपुढे बोलणारा. हा मान त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. आजोबांचं नाव विश्राम, म्हणून त्याचंही विश्राम. त्याची बायको सायली दोन वर्षांपूर्वी पातेरातापानं गेली. लस घेऊनही गेली. शेकड्यात काही जणांच्या अंगात लस रुजत नाही, त्यांतली ती निघाली. तेव्हापासून विश्राम कमी बोलत असे. बोललाच तर सरळ बोले.

"काका, देवीनं कौल दिला म्हणे!" अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून आवाज आला.

"इली गोचीडबाई," सून यमुना ओटीवरून हसत म्हणाली. तिच्या मांडीवर पाच महिन्यांची पोर होती.

गोचीडबाई म्हणजे डॉ. केतकी रणपिसे. ती केंद्राची शास्त्रज्ञ होती आणि बारा वर्षं या रानात पांढरी फडकी ओढत गोचिडी गोळा करत आली होती. हे नाव तिला पहिल्याच वर्षी पडलं आणि ते तिला आवडे.

"कौल दिल्यान," विश्राम म्हणाला. "सोमवारी गाव पळतलो. पण तुका कशाक एवढो आनंद?"

गावपळण ही इथली जुनी रीत. काही वर्षांनी एकदा देवीचा कौल मिळाला की सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री शिवेबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, कुणी म्हणजे कुणी मागे राहत नाही. त्या तीन दिवसांत गाव देवाचा आणि भुताखेतांचा असतो. कुणी डोकावून बघायचं नाही.

"काका, आनंद कशाचा ते सांगते," केतकी चौथऱ्यावर बसत म्हणाली. "माझं रान स्वतःच्या पायावर उभं आहे की नाही, हे मला कधी बघताच आलं नाही. गावाची गुरं रोज रानात चरतात, आणि गोचिडी त्यांनाही चावतात, तेही चावे वाया जातात. कुणाला सांगू, गुरं तीन दिवस बांधून ठेवा म्हणून? आता देवीनंच सांगितलं."

"देवी तुझ्या केंद्रात कामाक लागली म्हण."

"बिनपगारी," केतकी म्हणाली. "गुरं नसली की आकडा थोडा उतरेल. पासष्टवर येईल. पण पासष्टवर टिकला, तर सरकारी वसाहतीचा प्रश्न सुटला. रान जनावरांच्या ताब्यात देऊन टाकायचं आणि तुम्ही सगळ्यांनी समुद्राकडच्या नव्या घरांत जायचं. कायमचं. ताप नाही, लस नाही, करंजेल नाही."

यमुनेनं पोरीच्या कपाळावरून हात फिरवला. तिचा नवरा जहाजावर होता. पोर जन्मल्यापासून तिनं तिला एकदाही खाली जमिनीवर ठेवलं नव्हतं. "टिकतलो ना गो आकडो?" तिनं विचारलं.

"टिकणार," केतकी म्हणाली. "बारा वर्षं घातली आहेत मी."

सोमवारी गाव पळाला. नदीपलीकडच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, झावळ्यांच्या राहुट्या उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी सगळ्यांना घराची आठवण येते आणि दुसऱ्या दिवशी घर विसरतं, तसंच झालं. पुरुष पत्ते कुटत बसले. एकाच्या कोंबड्या दुसऱ्याच्या राहुटीत अंडी घालू लागल्या आणि त्यावरून भांडणं झाली. अनंत मेस्त्री नावाचा सुतार जाईल तिथे नकला करी. त्यानं केतकीची फडकं ओढण्याची नक्कल केली, आणि केतकी सगळ्यांत मोठ्यानं हसली. ती स्वतः गावात गेली नाही. रीत ती रीत. रानात तिनं पेरलेल्या खोट्या कातड्या होत्या: उबदार रबरी तुकडे. गोचीड त्यांना चावली की तिच्या पोटात आधी कुणाकुणाचं रक्त गेलं आणि तिच्यात विषाणू आहे की नाही, ते कळे. विषाणू नसलेल्या गोचिडी किती, त्यावरून आकडा निघे, आणि तो तिला सड्यावर बसून दिसत होता.

तिसरी रात्र सरल्यावर सकाळी विश्राम नदीवर तोंड धूत होता. केतकी येऊन शेजारच्या दगडावर बसली. तिचा चेहरा बघून त्याला पहिल्यांदा वाटलं, हिच्या घरचं कुणी गेलं.

"काय झाला?"

"आकडा उतरला, काका. अडतीस."

विश्रामनं तोंडावरचं पाणी निपटलं. रान बंद करायचा आकडा पन्नास होता. अडतीस त्यानं तापाच्या वर्षांनंतर ऐकला नव्हता. "गुरा नाय म्हणान?"

"गुरांमुळे सहा-सात आकडे उतरतात. हा चौतीसनं उतरला. मला वाटलं, यंत्र बिघडलं. मग मी टाकलेली माहिती उघडली."

"टाकलेली म्हणजे?"

केतकी सोपं करून सांगू लागली. गोचिडीच्या पोटातलं रक्त तपासताना त्यात नेहमी थोडं माणसाचं रक्त सापडे. जगात सगळीकडे सापडतं. तपासणारा माणूसच असतो. त्याचा हात, त्याचा श्वास, त्याची कातडी नमुन्याला लागते. म्हणून प्रयोगशाळेत पहिला नियम असा की माणसाची खूण दिसली की ती घाण समजून गाळून टाकायची. केंद्राचं यंत्रही तसंच बनवलं होतं. साळिंदर ठेवायचं, उदमांजर ठेवायचं, सरडा ठेवायचा, माणूस गाळायचा.

"ती घाण नव्हती, काका. तुम्ही होता. पातेरा गोळा करणाऱ्या बायका, काजूच्या बागेतली माणसं, गुरांमागची पोरं. या रानातले सगळ्यांत जास्त चावे तुमच्यावर होतात. आणि माणसाला चावली की तो चावा वाया जातो. माणसाकडून विषाणू परत गोचिडीत जात नाही. आकडा विषाणूवरून निघतो, तो आम्ही बरोबर मोजत होतो. तो कुणामुळे आहे, तेवढं चुकलं. मी म्हणत होते, माझ्या जनावरांमुळे. माझी निम्मी जनावरं तर पहिल्याच पावसाळ्यात मेलेली आहेत. पिसोऱ्या तर जवळजवळ सगळ्याच. त्यांची जागा तुम्ही भरून काढत होता."

नदीचं पाणी दगडाला वळसा घालून जात होतं. विश्राम त्याकडे बघत राहिला.

"सायली गेली," तो म्हणाला. "तिका चावली ती गोचीड. तो चावो तुमच्या हिशोबात कसो धरतास?"

केतकी मोज्यात खोचलेला पायजमा पुन्हा खोचू लागली.

"माका सरळ सांग, बाय. मी काय रडूक बसाचंय नाय."

"वाया," ती म्हणाली. "वाया चावा म्हणूनच धरला जातो. तिच्याकडून तो पुढे कुणाला गेला नाही."

विश्रामनं मान हलवली. काही माणसं अशा वेळी उठून जातात. तो बसून राहिला. सायली पातेरा गोळा करताना पाय घट्ट बांधत नसे. घाम येतो म्हणे. रोज संध्याकाळी अंगणात बसून दोघं एकमेकांच्या पोटऱ्या तपासत. गोचीड सापडली की चिमट्यानं काढून दिव्यात टाकायची, ती चट् वाजे, आणि सायली म्हणे, गेली मेली. आता ते सगळं एका आकड्यात जाऊन बसलं होतं, आणि त्या आकड्याच्या जिवावर खालची शहरं झोपत होती.

"गाव वसाहतीत गेलो तर?"

"या हंगामात रानातल्या बहुतेक गोचिडी विषारी होतील. पुढच्या हंगामात उंदीर ताप घेऊन नदीनं खाली उतरतील. शहरांत लस नाही."

"आणि आमी परत गेलो तर?"

"तुम्हाला लस आहे. शेकड्यात चार-पाच जणांना रुजत नाही, ते आधी कळत नाही. आणि लहान बाळं," ती थांबली. "काका, मी हे आत्ता फक्त तुम्हाला सांगितलंय. तुम्ही संध्याकाळी गाऱ्हाणं घालणार, कौल घेणार, लोक परत जाणार. त्यांना नाही सांगितलं तर ते नेहमीसारखे जातील. सांगितलं तर कदाचित जाणार नाहीत. माझे वरचे लोक म्हणतील, सांगू नका."

"आणि तू काय म्हणतंस?"

"मी बारा वर्षं तुम्हाला घाण म्हणून गाळलं. आता मी काही म्हणायच्या लायकीची नाही."

"लायकीचा रव दे," विश्राम उठत म्हणाला. "रानात कोण चावान घेता ता ज्येचा त्येका म्हायत होवक व्हया. चल."

त्यानं दुपारी सगळ्यांना एका राहुटीपुढे बसवलं आणि केतकीला बोलायला लावलं. तिला अडखळायला झालं तिथे त्यानं स्वतः सांगितलं. सायलीचंही सांगितलं. मग अनंत मेस्त्री म्हणाला, "म्हणजे सरकारान पिंजऱ्यातली जनावरा सोडल्यानी, आणि खरी जनावरा आमी!"

लोक हसले. हसू विरल्यावर आरडाओरडा सुरू झाला. कुणी म्हणालं, शहरांनी आमच्यासाठी काय केलं? कुणी म्हणालं, माझी बहीण शहरात आहे, तिची तीन पोरं आहेत. कुणी म्हणालं, लस रुजली की नाही ते आधी तपासून द्या, मग बोला. केतकी म्हणाली, तशी तपासणी अजून निघालेली नाही. तिला कुणी शिवी दिली नाही, आणि तेच तिला जड गेलं असावं.

यमुना उभी राहिली. पोर खांद्यावर होती. "बाई, एक इचारू? ह्येचो पण आकडो धरतास?"

"यमुना..."

"धरतास काय नाय?"

"धरावा लागतो," केतकी म्हणाली. "गोचीड वय बघत नाही."

"मग मी येवचंय नाय," यमुना म्हणाली. "मामंजी, तुमी देवीक इचारा, गावाक इचारा. एक वरस होयसर ह्या चेडू नदी ओलांडान गावात येवचा नाय."

सगळे विश्रामकडे बघू लागले. घाड्याच्या घरातलंच माणूस परत आलं नाही तर दुसरं कोण येणार? पोरंबाळं तर सगळ्यांनाच होती. विश्रामला सून चुकीची वाटली नाही, आणि गावही चुकीचा वाटला नाही. त्याला आठवली ती देवराईची राखण. देवराईची राखण गावात पाळीनं होते. ज्याच्या घरी बाळंतीण किंवा सुतक, त्याची पाळी दुसरं घर घेतं. पाळी चुकते, पण जागा रिकामी राहत नाही.

"ह्या बरोबर बोलता," तो म्हणाला. "पोर हंय सड्यार रवतला. गावातली सगळी वरसाच्या आतली पोरा आणि त्यांच्या आया रवतली. त्यांच्या पाळीक खालच्या शहरातली माणसा येवंदेत. रान कोणा एकाचा नाय, तर तापाचो चावो पण कोणा एकाचो नाय."

"शहरातले येतील?" कुणीतरी विचारलं.

"नाय इले तर आमी परत पळतलो. ह्यावेळी कौल न घेता."

"तोवर या बाळाच्या जागी मी येते," केतकी म्हणाली. "आजपासून. मला लस आहे."

"तू बाळाच्या जागेर?" अनंत म्हणाला. "तुझा वजन बघता पाच बाळांचो हिशोब सुटात."

त्या संध्याकाळी शिवेवरच्या देवीपुढे विश्राम उभा राहिला. गाऱ्हाण्यात घाडी एकेक वाक्य बोलतो आणि लोक "होय महाराजा" म्हणून त्याला साथ देतात. दर वेळी तो म्हणे, रानातल्या जीवजिवाण्यापासून लेकराबाळांचं रक्षण कर. या वेळी त्यानं तेवढं वाक्य बदललं. तो म्हणाला, "आवशी, आज आमी जाणान परत जातंव. आमच्या अंगावर जो चावो पडात, तो पुढे कोणाच्या घरात जाव नये."

"होय महाराजा," गाव म्हणाला. देवीच्या उजव्या अंगाची पाकळी खाली पडली, म्हणजे कौल मिळाला.

शहरांनी पाळीची ही मागणी आधी हसण्यावारी नेली. मग केंद्रानं अडतीस हा आकडा जाहीर केला आणि हसणं थांबलं. पुढच्या हंगामाआधी रानपाळीचा कायदा झाला. नदीखालच्या शहरातल्या प्रत्येक धडधाकट माणसानं पाळी आली की तेवढ्यापुरती लस घ्यायची आणि आयुष्यात एकदा, पंधरा दिवस, रानात येऊन राहायचं. काम काही नाही. रानात हिंडायचं, पातेऱ्यात बसायचं. शाळेच्या पुस्तकात धडा आला. पाळी करून आलेली माणसं पोटरीवरचे डाग दाखवत मिरवू लागली. यमुनेची पोर नदीपलीकडे रांगली, नदीपलीकडेच चालली, आणि वर्षाची झाल्यावर लस घेऊन घरी आली. तिला लस रुजली की नाही, हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण गावातल्या माणसांवरचे चावे आता निम्म्यावर आले होते, आणि दोन हंगामांत आवळेखोलात एकही माणूस तापानं गेलं नव्हतं.

पाळीकरांना जागा वाटून द्यायचं काम विश्रामकडे आलं. केतकीनं रानाचा नकाशा काढला होता. कुठल्या भागात कुठलं जनावर कमी पडतं, तिथे तेवढी माणसं. तिसऱ्या हंगामाची पहिली गाडी आली तेव्हा त्यातून विम्याच्या कचेरीतली चाळीसेक माणसं उतरली. विश्राम काठी टेकत त्यांना घेऊन ओढ्यापर्यंत गेला.

"तुमी चौघे हंय. साळिंदर. तुमी तिघी त्या कातळाकडे. उदमांजर. झाडार चढाक येता? नाय? मग खालीच बसा."

एक जाडगेला तरुण पुढे आला. त्याचं आडनाव पोफळे. "आजोबा, मी काय?"

"तू पिसोरी."

"म्हणजे?"

"सशाएवढा हरीण. भित्रा. पाला वाजलो तरी पळता."

"बघा, बरोबर ओळखलं यांनी," त्याच्याबरोबरची बाई म्हणाली आणि सगळे हसले. पोफळेही हसला आणि किंजळीच्या झाडाखालच्या पातेऱ्यात मांडी घालून बसला. "आणि खरी पिसोरी आली की मग आमची सुट्टी?"

"होय तर." विश्राम केतकीकडे वळला. ती मागून येत होती. "यंदाच्या पिसोऱ्या कधी सोडतलंस गो? गाडी अजून इली नाय."

"येणार नाही, काका," ती म्हणाली. "पिंजरे बंद केले. काल कळलं मला."

"कित्याक?"

"आकडा शहात्तर आहे. जनावरं होती तेव्हाही इतका नव्हता. वरचे विचारतात, माणसं आहेत तर पिसोऱ्या कशाला. पिसोरी पिंजऱ्यात जगत नाही, सोडली तर मरते, दहा सोडाव्या तेव्हा एक टिकते. माणूस बोलावला की येतो." तिनं हातातला नकाशा मिटला. "मी भांडले. पण आकडा त्यांच्या बाजूचा आहे."

विश्रामनं रानाकडे बघितलं. जागोजागी माणसं बसली होती. कुणी डबा उघडला होता, कुणी गाणं लावलं होतं. इतकं भरलेलं रान त्यानं लहानपणापासून बघितलं नव्हतं. एकही पाखरू मात्र बोलत नव्हतं.

"आई गं," पोफळे ओरडला. त्यानं पायजमा वर सरकवला. पोटरीवर मोहरीएवढा काळा ठिपका होता. त्यानं तो उपटायला चिमूट पुढे नेली.

विश्रामनं खाली वाकून त्याचा हात धरला. आयुष्यभर त्यानं माणसांच्या अंगावरच्या गोचिडी काढल्या होत्या.

"थांब," तो म्हणाला. "काढू नको. जेवंदे तिका."